कागदाविना कचेरी

२६ जुलै २००५ चा दिवस मुंबईकर विसरलेले नाहीत. त्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदीला पूर आला आणि कुर्ल्याच्या अनेक वस्त्यांत पाणी शिरले. तेथे आमच्या ओळखीच्या एका चाचांचे कापडाचे दुकान होते. पाणी ओसरल्यावर चाचांनी कपाट उघडले. आतील खातेवह्यांचा लगदा झाला होता. कोणाकडून किती रुपये येणे आहे, हे सांगणारा एकही कागद शाबूत नव्हता. काही गिऱ्हाइकांनी स्वतः येऊन उधारी चुकती केली. काहींनी मात्र, "आमच्याकडे काहीच बाकी नाही," असे सांगून हात वर केले. चाचांजवळ पुरावा नव्हता. ते गप्प बसले.

विद्यार्थी मित्रांनो, व्यापारात कागद हा साक्षीदार असतो. माल आला की चलन, माल विकला की बिल आणि पैसे मिळाले की पावती. पण हा साक्षीदार फार नाजूक आहे. तो भिजतो, जळतो, त्याला वाळवी लागते. शिवाय तो जागा अडवतो आणि नेमका हवा तेव्हा सापडत नाही. म्हणून अशा नोंदी कागदाऐवजी संगणकात ठेवण्याची पद्धत आली. यालाच कागदविरहित कार्यालय म्हणतात.

संगणकातील नोंद कायदा मानतो का? होय. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अशा नोंदींना आणि डिजिटल सहीला मान्यता दिली. त्याआधी १९९६ पासूनच कंपन्यांचे शेअर कागदी दाखल्यांऐवजी संगणकातील खात्यात ठेवण्याची सोय झाली होती. त्यामुळे दाखले हरवण्याची, फाटण्याची किंवा खोटे निघण्याची भीती गेली.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. त्याची विवरणपत्रे संगणकावरून भरावी लागतात. तेव्हा चाचांच्या मुलाने दुकानाचा सारा हिशेब संगणकावर घेण्याचे ठरवले. हे ऐकून वृद्ध मुनीमजी उदास झाले. ते म्हणाले, "आता माझे काय काम?"

मुलगा म्हणाला, "मुनीमजी, यंत्र कागदाचे चित्र घेईल. पण कोणता कागद कामाचा आणि कोणता रद्दीचा, हे तुम्हालाच ठाऊक आहे. तुमच्यावाचून हे काम होणार नाही."

मग काम सुरू झाले. प्रथम मुनीमजींनी कागदांची निवड केली. कामाचे कागद स्कॅनरवर ठेवून त्यांची चित्रे संगणकात घेतली. प्रत्येक चित्राला तारीख, व्यापाऱ्याचे नाव आणि बिलाचा क्रमांक असे नाव दिले. नाव नीट दिले नाही, तर संगणकातही कागद हरवतो! पुढे एक तारीख ठरवून नवी बिले संगणकावर करू लागले. दोन महिने वही आणि संगणक दोन्ही चालू ठेवले. रोज संध्याकाळी मुनीमजी दोन्हींचा ताळा घेत. चूक निघाली, तर ती त्याच दिवशी दुरुस्त होई.

दुकानात पाणी शिरले, तर संगणकही भिजतो. म्हणून साऱ्या नोंदींची एक प्रत दुकानाबाहेर, दुसऱ्या सुरक्षित ठिकाणी ठेवली. परक्या माणसाने हिशेब उघडू नये, म्हणून संगणकाला सांकेतिक शब्द लावला. जुने कागदही घाईने रद्दीत दिले नाहीत. वस्तू व सेवा कराच्या कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. मृत्युपत्रासारखे दस्तऐवज तर कागदावरच असावे लागतात. दुकानाच्या मालकीची मूळ कागदपत्रेही चाचांनी जपून ठेवली.

आता कोणी जुन्या बिलाविषयी विचारले, तर मुनीमजी चष्मा सावरतात, दोन-चार अक्षरे दाबतात आणि बिल पडद्यावर दाखवतात. वाद मिटतो. चाचा हसून म्हणतात, "हे आधी केले असते, तर!"

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. संगणक आपण लिहू तेच जपतो. नोंद खोटी असेल, तर तो खोटेच जपेल. कागद गेला तरी चालेल. पण रोजची नोंद रोज आणि खरी लिहिण्याची सवय जाता कामा नये.