केस गेज म्हणजे काय आणि ते कसं निवडतात? पिस्तुलाच्या काडतुसाची ‘गो टेस्ट’ समजून घेऊया

यूट्यूब शॉर्ट्सवर अमेरिकेतल्या स्पर्धात्मक शूटिंगचे व्हिडिओ बघत असाल तर हे दृश्य ओळखीचं असेल. टेबलावर धातूचा चौकोनी ठोकळा, त्याला शंभर भोकं. माणूस एकेक पितळी काडतूस त्यात टाकतो, वरून बोट फिरवतो आणि दोन-चार काडतुसं बाजूला काढून ठेवतो. बाकीची थेट डब्यात. तो ठोकळा म्हणजे केस गेज.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आणि मला या वस्तूचं आकर्षण वाटतं ते बंदुकीमुळे नाही. हे शंभर ‘टेस्ट केसेस’ एका मिनिटात चालवणारं यंत्र आहे, तेही बॅटरी, स्क्रीन किंवा अॅप नसलेलं. पण टेस्ट पास झाली म्हणजे नेमकं काय सिद्ध झालं, हा प्रश्न इथेही तितकाच महत्त्वाचा आहे. इथे चुकीच्या उत्तराची किंमत मात्र अॅप क्रॅश होण्यापेक्षा खूप मोठी आहे. काडतूस कसं भरायचं हा आजचा विषय नाही. भरलेलं काडतूस तपासायचं गेज कसं निवडतात, एवढंच आपण बघणार आहोत.

आधी थोडी पार्श्वभूमी

काडतुसाचे चार भाग असतात: पितळी पुंगळी, तळाशी प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. गोळी झाडल्यावर पुंगळी रिकामी होते, पण वाया जात नाही. अमेरिकेत अनेक नेमबाज ती गोळा करून घरी पुन्हा भरतात. यालाच हँडलोडिंग किंवा रिलोडिंग म्हणतात. खर्च वाचतो आणि काडतूस आपल्या पिस्तुलाला हवं तसं जुळवता येतं.

अडचण अशी की झाडताना पुंगळी आतल्या दाबाने फुगते. तिला पुन्हा मापात आणायला ‘सायझिंग डाय’ नावाच्या साच्यातून दाबून काढावं लागतं. नंतर गोळी बसावी म्हणून तिचं तोंड किंचित फाकवतात आणि शेवटी ते परत मिटवतात. यातली एखादी पायरी थोडी चुकली तरी काडतूस दिसायला ठीक असतं, पण पिस्तुलात अडकतं. स्पर्धेत याचा अर्थ वाया गेलेले सेकंद. आणि काडतूस पूर्ण आत न बसता उडालंच, तर पुंगळी फाटून गरम वायू हाताकडे, चेहऱ्याकडे येऊ शकतो.

गेज नेमकं काय तपासतं?

यूएसबी-सीचं उदाहरण घ्या. कुठल्याही कंपनीची केबल कुठल्याही फोनला बसते, कारण दोन्ही बाजूंची मापं एका मानकाने बांधलेली आहेत. काडतुसांचंही तसंच. अमेरिकेत हे काम ‘सामी’ ही उद्योगसंस्था १९२६ पासून करते, युरोपात ‘सीआयपी’. मानकात दोन गोष्टी ठरलेल्या असतात: काडतूस जास्तीत जास्त केवढं असावं आणि चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, कमीत कमी केवढी असावी.

सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या ९ मिमी लुगर, म्हणजे ९×१९ या काडतुसाची सामीची मापं पाहा. पुंगळीची लांबी जास्तीत जास्त ०.७५४ इंच, म्हणजे १९.१५ मिमी. गोळीसकट पूर्ण लांबी जास्तीत जास्त १.१६९ इंच, म्हणजे २९.६९ मिमी. चेंबरची खोली मात्र ०.७५४ ते ०.७७६ इंच यांमध्ये कुठेही चालते. हा अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त फरक म्हणजे कारखान्यांना दिलेली सूट.

बहुतेक केस गेजचं भोक मानकातल्या सर्वात लहान चेंबरच्या आसपास कोरलेलं असतं. काडतूस त्यात स्वतःच्या वजनाने ‘टक्’ करून गेलं, त्याचा तळ गेजच्या पृष्ठभागाशी सपाट बसला आणि गेज उलटं केल्यावर ते आपोआप बाहेर पडलं, तर पास. बोटाने दाबावं लागलं तर नापास.

व्हर्नियर असताना गेज कशाला?

कारण व्हर्नियर एका वेळी एकच माप सांगतो. समजा गोळी पुंगळीत किंचित तिरकी बसली आहे. लांबी बरोबर येईल आणि तोंडाचा व्यासही बहुधा बरोबर येईल, पण एका बाजूला आलेला फुगवटा तुम्ही नेमक्या त्या जागी मोजला नाहीत तर सुटेल. गेज मात्र सगळा आकार एकदम तपासतं.

मेकॅनिकलवाल्यांना हे ‘टेलरचं तत्त्व’ म्हणून माहीत असेल. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या विल्यम टेलर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते मांडलं. ‘गो’ गेजने पूर्ण आकार एकत्र तपासावा आणि ‘नो-गो’ गेजने एकेक माप वेगळं तपासावं. भोसरी-चाकणच्या कुठल्याही मशिन शॉपमध्ये प्लग गेज आणि रिंग गेज याच विचाराने वापरतात. केस गेज हे मुख्यतः ‘गो’ गेज आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

निवडताना बघायच्या पाच गोष्टी

१) काडतुसाचं नेमकं नाव. नुसतं ‘नाइन एमएम’ पुरत नाही. ९×१८ मकारोव्ह, ९×१९ लुगर आणि ९×२१ ही तीन वेगळी काडतुसं आहेत. प्रत्येकाला वेगळं गेज लागतं.

२) भोक कोणत्या मापाला कोरलंय. सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. भोक फार घट्ट असेल तर पिस्तुलात बिनतक्रार चालणारं काडतूसही नापास होईल. फार सैल असेल तर अडकणारं काडतूस पास होईल. आमच्या भाषेत पहिलं ‘फॉल्स अलार्म’, दुसरं ‘सुटलेला बग’. स्पर्धक सहसा घट्ट गेज पसंत करतात. दोन-चार चांगली काडतुसं सरावासाठी बाजूला गेली तर नुकसान नाही, पण ऐन स्पर्धेत एक अडकलं तर आहे. उत्पादक आपलं गेज कोणत्या मानकाला धरून बनवलंय हे सांगत नसेल, तर दुसरं बघणं बरं.

३) एक भोक की अनेक. एकेरी नळकांड्यासारखं गेज मशिन सेट करताना कामाचं. पहिली पाच-दहा काडतुसं तपासली की साचा नीट बसलाय का ते कळतं. आधीच तयार असलेली पाचशे काडतुसं स्पर्धेआधी तपासायची असतील तर पन्नास किंवा शंभर भोकांचं हवं. त्याचा आणखी एक फायदा आहे. सगळी काडतुसं तळ वर करून उभी असतात, त्यामुळे बोट फिरवलं की वर आलेला प्रायमर लगेच हाताला लागतो.

४) धातू. एकेरी गेज बऱ्याचदा स्टीलचं असतं, अनेक भोकांचं बहुधा अॅल्युमिनियमचं. स्टील कमी झिजतं, अॅल्युमिनियम हलकं पडतं. धातू कोणताही असो, भोकात साचलेली शिशाची किंवा मेणाची किट काढायलाच हवी. घाण गेज चांगल्या काडतुसालाही नापास करतं.

५) खिडकी. काही गेजना बाजूने उभी चीर असते. काडतूस नेमकं कुठे अडकलंय ते त्यातून दिसतं. नव्याने शिकणाऱ्याला याचा फार उपयोग होतो, कारण नुसतं ‘एरर’ न दिसता एररची ओळही दिसते.

नापास काडतूस काय सांगतं?

काडतूस तोंडाशी अडकत असेल तर फाकवलेलं तोंड नीट मिटलेलं नाही. मध्येच एका बाजूला घासत असेल तर गोळी तिरकी बसली असण्याची शक्यता. अगदी शेवटी, तळाशी अडकत असेल तर जुना फुगवटा राहिलाय, कारण सायझिंग डाय पुंगळीच्या अगदी बुडापर्यंत पोचत नाही. आणि कधीकधी दोष फक्त तळाच्या कडेवरच्या खरवडीचा असतो. पिस्तुलाच्या हुकाने पुंगळी ओढून काढताना ती पडते. ही कड चेंबरमध्ये जात नाही, म्हणून असं काडतूस गेजमध्ये नापास होऊनही पिस्तुलात चालू शकतं.

नक्की कुठे घासतंय ते कळत नसेल तर जुनी युक्ती: काडतुसाला मार्कर पेनने रंग द्यायचा, गेजमध्ये घालून हलकं फिरवायचं आणि बाहेर काढायचं. जिथला रंग गेला, तिथे दोष.

मग स्वतःची बॅरलच गेज म्हणून वापरली तर?

अनेक जण तेच करतात. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून बॅरल वेगळी काढतात आणि तिच्या चेंबरमध्ये काडतूस टाकून बघतात. याला ‘प्लंक टेस्ट’ म्हणतात, तो आवाज येतो म्हणून. या चाचणीत गेजकडे नसलेली एक गोष्ट असते. चेंबरच्या पुढे नळीत पिळाचे आटे सुरू होतात. ते किती जवळ सुरू होतात हे प्रत्येक बॅरलवर अवलंबून असतं, आणि बहुतेक केस गेजमध्ये आटेच नसतात. त्यामुळे गोळी जरा पुढे बसली असेल तर काडतूस गेजमध्ये पास आणि बॅरलमध्ये नापास, असं होऊ शकतं. काही पिस्तुलांमध्ये ही मोकळी जागा मुळातच कमी असते.

उलट बाजूही आहे. बॅरल फक्त त्याच पिस्तुलाबद्दल सांगते. दुसऱ्या पिस्तुलात काय होईल ते नाही. म्हणजे गेज ही मानकाची टेस्ट आणि प्लंक ही तुमच्या डिव्हाइसवरची टेस्ट. नवीन गोळी किंवा नवीन लांबी वापरायची असेल तर आधी बॅरलमध्ये प्लंक करून लांबी ठरवायची आणि मग रोजचा ढीग गेजने तपासायचा, हा क्रम मला सगळ्यात पटतो.

गेज जे सांगत नाही

आता ते ‘गो’ गेजचं वाक्य आठवा. गो गेज फक्त एवढंच सांगतं: वस्तू फार मोठी नाही. फार लहान आहे का, याबद्दल ते जवळजवळ गप्प असतं.

समजा गोळी धक्क्याने पुंगळीत आत सरकली. काडतूस आखूड झालं, म्हणून गेजमध्ये उलट अजून आरामात जाईल. पण आतली जागा कमी झाल्यामुळे झाडताना दाब धोकादायकरीत्या वाढतो. ९ मिमी लुगरसाठी सामीची दाबाची कमाल मर्यादा ३५,००० पीएसआय आहे. तुमच्या कारच्या टायरमध्ये साधारण ३३ पीएसआय हवा असते. म्हणजे नेहमीचाच दाब टायरच्या हजारपट. त्याच्यावर जायला फारशी मोकळीक नाही.

दारूचंही तसंच. दुप्पट पडली, अजिबात पडली नाही किंवा चुकीची पडली, तरी बाहेरचा आकार तोच राहतो. दारू कमी पडल्यामुळे गोळी नळीतच अडकली आणि न बघता पुढची झाडली, तर नळी फुटू शकते. शंभर भोकांचा ठोकळा अशा काडतुसालाही शांतपणे ‘पास’ म्हणेल. म्हणून वजनकाटा, व्हर्नियर आणि प्रत्येक पुंगळीत डोकावणारे डोळे यांची जागा गेज घेऊ शकत नाही. सगळे टेस्ट हिरवे दिसत असताना बग तिथे असतो, जिथे टेस्ट लिहिलेलीच नसते.

आपल्याकडे काय परिस्थिती आहे?

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार दारूगोळा तयार करायला परवाना लागतो आणि परवान्याशिवाय घरी काडतूस भरणं हा गुन्हा आहे. ९×१९ हे तर सामान्य नागरिकांसाठी प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं. त्यामुळे व्हिडिओ बघून प्रयोग करायचा विचारही नको. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियन गेम्समध्ये २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकलं, तो प्रकार .२२ रिमफायरचा. त्यात प्रायमर पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो, म्हणून ती काडतुसं पुन्हा भरण्याची पद्धतच नाही. कारखान्यातलीच वापरतात.

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्यांसाठीही एक गोष्ट. एफ-१, एच-१बी अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना तिथल्या संघीय कायद्यानुसार बंदूकच नाही, तर काडतूस बाळगायलाही सर्वसाधारणपणे बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना असे काही मोजके अपवाद आहेत. मित्राच्या गॅरेजमध्ये रिलोडिंग बघून आठवण म्हणून एखादं काडतूस खिशात टाकायचा मोह झाला तर हे आठवा. तेच काडतूस बॅगेत राहून भारतातल्या विमानतळावर सापडलं, तर शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा दाखल होऊ शकतो.

बाकी गेजमागचा विचार मात्र कुठेही वापरता येतो. पुढच्या वेळी कुठलीही तपासणी ‘पास’ दिसली की एक प्रश्न विचारा: हिने काय तपासलं, आणि काय तपासलंच नाही?