तुमच्या आवडत्या गाण्याचा टाइप कोणता?

इंदूरच्या मराठी घरात नवीन माणूस आला की आजी-आजोबांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘तुमचं मूळ गाव कोणतं?’ आमच्या पिढीचा प्रश्न वेगळा आहे, ‘तुझा टाइप कोणता?’ उत्तर चार अक्षरांत येतं: आय-एन-एफ-पी, ई-एस-टी-जे वगैरे.

ही अक्षरं कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज मायर्स या अमेरिकन मायलेकींच्या चाचणीतून आली. तिला आधार होता कार्ल युंग यांच्या १९२१ मधल्या पुस्तकाचा. प्रश्न चारच. तुम्ही माणसांत रमता की एकटे? तपशील आधी पाहता की त्यामागचा अर्थ? निर्णय डोक्याने घेता की मनाने? आखून चालता की ऐन वेळी ठरवता? अशा चार जोड्यांमधून सोळा टाइप होतात.

आम्ही भावंडं हा खेळ रॉक गाण्यांवर खेळतो. बीटल्सचं ‘लेट इट बी’ (१९७०) सोपं गेलं. पॉल मॅकार्टनीला दिवंगत आई स्वप्नात दिसली, त्यातून सुचलेलं हे गाणं. शांत, मायाळू, धीर देणारं. आय-एस-एफ-जे, एकमताने मंजूर! पिंक फ्लॉइडचं ‘अनदर ब्रिक इन द वॉल’ (१९७९) शाळकरी पोरांचा कोरस घेऊन थेट मास्तरांशी वाद घालतं, म्हणून ई-एन-टी-पी.

पुढे मात्र भांडणं सुरू झाली. द पोलिसचं ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ (१९८३) चालीवरून प्रेमळ, काळजीवाहू वाटतं. लोक ते लग्नातही वाजवतात. पण शब्द नीट ऐका. तो माणूस तिच्यावर सतत पाळत ठेवतोय! मग टाइप चालीचा धरायचा की शब्दांचा?

ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ने तर पंचाईतच केली. १९८४ मध्ये आलेलं हे गाणं ढोलताशासारखं दणदणीत, पक्कं बहिर्मुख. आत गोष्ट आहे व्हिएतनाम युद्धावरून परतलेल्या, नोकरी न मिळालेल्या सैनिकाची. स्प्रिंगस्टीनने तेच गाणं १९८२ मध्ये घरी, एकट्याने, फक्त गिटारवर रेकॉर्ड केलं होतं. ते रेकॉर्डिंग १९९८ मध्ये बाहेर आलं. ऐकलंत तर वाटेल, हा माणूस कुणाशी बोलतच नसेल. गाणं तेच, पण सोबत कोण आहे त्यावर टाइप बदलला.

आणि ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ (१९७५)? सहा मिनिटांच्या आत हळवं गाणं, ऑपेरा, दणकेबाज रॉक आणि शेवटी पुन्हा शांतता. ते लिहिणारा फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला. मंचावर हजारोंना नाचवणारा, आणि मंचाखाली लाजाळू. त्याला कोणती चार अक्षरं देणार?

हा प्रश्न मला गमतीपलीकडचा वाटतो, कारण आम्ही ही अक्षरं स्वतःलाही चिकटवतो. गणेशोत्सवात सूत्रसंचालन कर म्हटल्यावर माझी मामेबहीण म्हणाली, “मी इंट्रोव्हर्ट आहे गं, माझ्यात ते नाहीच.” ती अठरा वर्षांची आहे. बोलायची भीती वाटते, असं म्हणाली असती तर उपाय सापडला असता. टाइपवर उपाय काय करणार? खरं तर बहुतेक माणसं दोन टोकांच्या मध्येच कुठेतरी असतात. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिल्यावर अनेकांची अक्षरं बदलतात, हे मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं आहे.

मी तिला स्प्रिंगस्टीनची दोन्ही रेकॉर्डिंग्ज पाठवली. तिने अजून होकार दिलेला नाही, पण निवेदनाची पहिली दोन पानं लिहून आणली आहेत. वाचणार कोण, ते ठरायचं आहे.

खेळ तुम्हीही खेळून बघा. एक गाणं लावा, आई-बाबांसकट प्रत्येकाने कागदावर चार अक्षरं लिहा आणि मग कागद उघडा. माझ्या बाबांनी ‘लेट इट बी’ला ई-एस-टी-जे दिलं. का, ते समजावताना ते अर्धा तास बोलले, आणि त्यात त्यांच्या कॉलेजच्या होस्टेलबद्दल आम्हाला पहिल्यांदाच कळलं.