ग्लेन कॅम्पबेल : विसरत गेलेला गायक, गाणे जपणारे श्रोते

कलावंत गेल्यानंतर त्याच्या आठवणी जागवणे हे चाहत्यांचे काम. अमेरिकेतील 'कंट्री' संगीताचे ख्यातनाम गायक आणि गिटारवादक ग्लेन कॅम्पबेल यांच्या चाहत्यांवर मात्र ही जबाबदारी ते हयात असतानाच येऊन पडली. आपल्याला अल्झायमर्सचा विकार जडल्याचे कॅम्पबेल यांनी जून २०११ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत जाहीर केले आणि त्यापाठोपाठ श्रोत्यांचा निरोप घेण्यासाठी दौरा काढला. पाच आठवड्यांचा म्हणून आखलेला हा दौरा १५१ कार्यक्रमांपर्यंत लांबला. सभागृहातील श्रोत्यांना जी गाणी तोंडपाठ होती, त्याच गाण्यांचे शब्द गायकाच्या स्मृतीतून निसटत होते. ८ ऑगस्ट २०१७ रोजी नॅशव्हिल येथे वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आज चाहते त्यांचे स्मरण करतात तेव्हा त्यांच्यासमोर दोन कॅम्पबेल उभे राहतात : १९६० च्या दशकातील दूरचित्रवाणीवरचा हसतमुख, देखणा गायक आणि अखेरच्या दौऱ्यातील थकलेला, गोंधळलेला वृद्ध. या दोघांना जोडणारा दुवा म्हणजे त्यांच्या हातातील गिटार.

कंट्री हे अमेरिकेच्या दक्षिण भागातील ग्रामीण गोऱ्या कष्टकऱ्यांच्या गाण्यातून वाढलेले संगीत. ब्रिटिश बेटांतून आलेल्या स्थलांतरितांची कथागीते, चर्चमधील भजने आणि कृष्णवर्णीयांचे ब्लूज यांचा त्यात संगम झाला. रेडिओ आणि ध्वनिमुद्रिका यांनी १९२० च्या दशकात त्याला बाजारपेठ मिळवून दिली आणि पुढे टेनेसी राज्यातील नॅशव्हिल हे शहर त्याची राजधानी बनले. शेती, रेल्वे, घरापासून दुरावलेला माणूस, फसलेले प्रेम हे या गाण्यांचे नेहमीचे विषय. भाषा साधी, चाल सोपी आणि सांगणे थेट. त्यामुळेच हे संगीत केवळ गावंढळांचे, अशी शहरी श्रोत्यांची समजूत दीर्घकाळ टिकून होती. ती दूर करणाऱ्या मोजक्या कलावंतांत कॅम्पबेल यांचे नाव घ्यावे लागते.

त्यांचा जन्म २२ एप्रिल १९३६ रोजी आर्कान्सा राज्यातील डिलाइट या छोट्या गावाजवळ झाला. वडील दुसऱ्याची जमीन वाट्याने कसत आणि घरात बारा मुले. चौथ्या वर्षी त्यांच्या हाती सीअर्स कंपनीची पाच डॉलरची गिटार आली आणि काकांनी तिचे प्राथमिक धडे दिले. संगीताचे औपचारिक शिक्षण त्यांना कधीच मिळाले नाही आणि स्वरलिपी वाचणेही त्यांना येत नव्हते. ऐकावे, लक्षात ठेवावे आणि वाजवावे, हीच त्यांची शाळा. किशोरवयातच घर सोडून ते न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्क येथे एका नातेवाइकाच्या वाद्यवृंदात दाखल झाले आणि तेथून १९६० मध्ये लॉस एंजलिसला पोहोचले.

लॉस एंजलिसमधील पहिली काही वर्षे त्यांनी जवळजवळ अनामिक राहून काढली. त्या शहरात तेव्हा ध्वनिमुद्रणासाठी वादन करणाऱ्या निष्णात वादकांचा एक गट होता. पुढे तो 'रेकिंग क्रू' या नावाने ओळखला गेला. हिंदी चित्रपटगीतांमागील वाद्यवृंदातले वादक जसे वर्षानुवर्षे पडद्याआड राहिले, तशीच या मंडळींची स्थिती होती. गाणे घरोघरी पोहोचे, पण वादकाचे नाव ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावरही क्वचितच येई. फ्रँक सिनात्रा, एल्व्हिस प्रेस्ली, 'बीच बॉइज', 'मंकीज' अशा अनेकांच्या ध्वनिमुद्रणांत कॅम्पबेल यांची गिटार आहे. सिनात्रा यांचे 'स्ट्रेंजर्स इन द नाइट' हे १९६६ मधील गीत त्यांपैकीच एक. समोर ठेवलेली स्वरलिपी वाचता येत नसताना हा तरुण एकदा ऐकून अचूक वाजवतो, याचे सहकाऱ्यांना अप्रूप वाटे. डिसेंबर १९६४ मध्ये 'बीच बॉइज'चे सूत्रधार ब्रायन विल्सन यांना मानसिक ताण असह्य होऊन दौरा सोडावा लागला, तेव्हा त्यांच्या जागी ऐनवेळी कॅम्पबेल उभे राहिले. काही महिने त्यांनी रंगमंचावर बास गिटार वाजवली आणि वरच्या पट्टीतील स्वरांची साथही केली.

गायक म्हणून त्यांचे नाव झाले ते १९६७ मध्ये. जॉन हार्टफर्ड यांचे 'जेंटल ऑन माय माइंड' आणि जिमी वेब यांचे 'बाय द टाइम आय गेट टू फीनिक्स' या दोन गीतांनी त्यांना १९६८ च्या ग्रॅमी समारंभात चार पुरस्कार मिळवून दिले. त्यांपैकी दोन कंट्री विभागात होते आणि दोन पॉप विभागात. पुढच्याच वर्षी फीनिक्सवरील गीताच्या नावाने निघालेल्या संग्रहाला वर्षातील सर्वोत्कृष्ट संग्रहाचा ग्रॅमी मिळाला. हा मान मिळवणारा तो कंट्री संगीतातील पहिला संग्रह होता. गावाकडचे गाणे आणि शहरी वाद्यवृंद यांच्यातील भिंत कॅम्पबेल यांनी ओलांडली, असे म्हटले जाते ते यामुळेच.

चाहत्यांच्या आठवणीत सर्वांत वरचे स्थान असते ते 'विचिटा लाइनमन' या १९६८ मधील गीताला. त्याची जन्मकथाही सांगण्यासारखी आहे. फीनिक्सनंतर एखाद्या ठिकाणावरचे आणखी एक गीत द्या, अशी गळ कॅम्पबेल यांनी वेब यांना घातली. ओक्लाहोमाच्या सपाट माळरानावर टेलिफोनच्या खांबावर चढून एकटाच काम करणारा एक माणूस वेब यांनी मोटारीतून जाताना पाहिला होता. त्या चित्रावरून त्यांनी गीत रचले, परंतु ते अपुरे असल्याची सूचना देऊनच पाठवले. शेवटचा भाग लिहायचा राहिला होता. कॅम्पबेल यांनी तो येण्याची वाट पाहिली नाही. सहकारी वादक कॅरोल के यांची सहा तारांची बास गिटार त्यांनी हाती घेतली आणि जेथे शब्द नव्हते तेथे गाण्याचीच चाल खर्जात वाजवली. तंतुवाद्यांच्या तुटक, संदेशयंत्रासारख्या स्वरांनी तारांतून धावणाऱ्या आवाजाचा भास निर्माण केला. अपुरे गीत वादनाने पूर्ण झाले. शब्द संपतात तेथे गिटार पुढे होते, ही कॅम्पबेल यांच्या पुढील आयुष्याची जणू पूर्वसूचनाच होती.

जानेवारी १९६९ पासून १९७२ पर्यंत सीबीएस वाहिनीवर 'द ग्लेन कॅम्पबेल गुडटाइम अवर' हा त्यांचा कार्यक्रम चालला आणि ते अमेरिकेतील घराघरांत पोहोचले. १९६९ मध्येच 'ट्रू ग्रिट' या चित्रपटात त्यांनी जॉन वेन यांच्यासोबत भूमिका केली. 'ऱ्हाइनस्टोन काउबॉय' (१९७५) आणि 'सदर्न नाइट्स' (१९७७) ही गीते कंट्री आणि पॉप अशा दोन्ही याद्यांत अग्रस्थानी गेली. मात्र लोकप्रियतेच्या या झगमगाटात एक गोष्ट झाकली गेली. सर्वसामान्य श्रोत्यांसाठी ते गोड गळ्याचे गायक होते, तर गिटारवादकांसाठी ते गिटारवादकच होते. गोलाकार पाठीची 'ओव्हेशन' बनावटीची गिटार घेऊन ते रोस्सिनी यांच्या 'विल्यम टेल' या संगीतिकेचे नांदीसंगीत विलक्षण वेगाने वाजवत, गंमत म्हणून गिटार डोक्यामागे धरूनही वाजवत. नव्या पिढीतील वादक आज त्यांची जुनी चित्रमुद्रणे पाहतात ती या वादनासाठी.

त्यांचे आयुष्य निष्कलंक होते असे नाही. यशाच्या शिखरावर असताना मद्य आणि अमली पदार्थांनी त्यांना ग्रासले, विवाह मोडले, प्रतिमेला तडे गेले. किम वूलन यांच्याशी १९८२ मध्ये झालेल्या चौथ्या विवाहानंतर त्यांच्या जीवनाला स्थैर्य आले, तरी व्यसनाशी झगडा संपला नव्हता. 'कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांचा समावेश झाला तो २००५ मध्ये. जाणते चाहते या साऱ्यासकट त्यांचा स्वीकार करतात.

निरोपाच्या दौऱ्यात त्यांच्यामागे वाद्ये घेऊन उभी होती ती त्यांचीच तीन मुले : अ‍ॅशली, कॅल आणि शॅनन. शब्द दाखवणारा पडदा समोर असे, तरीही ओळी चुकत. नुकतेच गायिलेले गाणे पुन्हा सुरू होई. गाण्यांच्या मध्ये काय बोलायचे ते सुचेनासे होई. पण गिटारचा एकल तुकडा आला की बोटे नेमक्या पट्टीवर, नेमक्या क्षणी पडत. कन्या अ‍ॅशली यांचा बँजो आणि वडिलांची गिटार यांची सवालजबाबाच्या धर्तीवरील जुगलबंदी हा या कार्यक्रमांतील उत्कर्षबिंदू ठरे. मुलांचा मेळ चुकला नाही आणि श्रोत्यांनीही संयम सोडला नाही. ओळ अडली की सभागृह ती म्हणे, आणि गाणे दुसऱ्यांदा सुरू झाले तरी टाळ्या पहिल्याइतक्याच पडत.

हे कसे घडते, याचे उत्तर मेंदूच्या रचनेत आहे. स्मृती ही एकाच कप्प्यात साठवलेली वस्तू नसते. काल काय घडले, कोण भेटले, या प्रसंगांच्या आठवणी तयार होण्यासाठी हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग आवश्यक असतो आणि अल्झायमर्सचा घाला बहुधा सुरुवातीलाच त्याच्या परिसरावर पडतो. सायकल चालवणे, पोहणे, वाद्य वाजवणे अशी सरावाने अंगवळणी पडलेली कौशल्ये मात्र वेगळ्या यंत्रणांवर अवलंबून असतात. या यंत्रणांना झळ तुलनेने उशिरा लागते. लाइपझिग येथील माक्स प्लांक संस्थेतील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, फार पूर्वीपासून परिचित असलेले संगीत ओळखताना मेंदूचे जे भाग कार्यरत होतात, त्यांची झीज अल्झायमर्सच्या रुग्णांमध्ये इतर भागांपेक्षा कमी झालेली आढळली. चौथ्या वर्षापासून सात दशके रोज हाताळलेली गिटार, तीही कागदावर न पाहता कानाने शिकलेली, शब्दांपेक्षा अधिक काळ टिकली, यात त्यामुळे नवल नाही. अर्थात संगीताने आजार बरा होत नाही. रुग्ण अस्वस्थ असेल तर त्याला काही काळ शांत करणे आणि जवळच्या माणसांशी नाते टिकवण्यास हातभार लावणे, एवढेच त्याला साधते. तेही कुटुंबीयांच्या दृष्टीने थोडे नसते.

तरीही एक प्रश्न उरतोच. स्वतःचे भान हरपत चाललेल्या माणसाला रंगमंचावर उभे करणे कितपत योग्य? कलावंताची प्रतिष्ठा जपण्यासाठी त्याला लोकांच्या नजरेआड ठेवावे, ही जगभरच्या कुटुंबांची स्वाभाविक प्रतिक्रिया असते. स्मृतिभ्रंशाबद्दल घराबाहेर बोलायचे नाही, हा संकोच आपल्याकडेही अपरिचित नाही. कॅम्पबेल कुटुंबाने उलट मार्ग निवडला. निदान जाहीर केले, चुका लपवल्या नाहीत आणि दिग्दर्शक जेम्स कीच यांना कॅमेऱ्यासह सोबत येऊ दिले. त्यातून 'ग्लेन कॅम्पबेल : आय विल बी मी' हा २०१४ मधील माहितीपट साकारला. डॉक्टरांच्या साध्या प्रश्नांची उत्तरे न देता येणारा आणि त्यावर विनोद करून वेळ मारून नेणारा कॅम्पबेल त्यात दिसतो, तसाच रंगमंचावर गिटार हाती आल्यावर खुलणाराही दिसतो. हा निर्णय प्रत्येक रुग्णाला लागू पडेल असे नाही. ज्याला गाण्यात आनंद आहे आणि ज्याच्याभोवती सांभाळून घेणारी माणसे आहेत, त्याच्यासाठीच तो योग्य ठरतो. दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम ३० नोव्हेंबर २०१२ रोजी कॅलिफोर्नियातील नापा येथे झाला. गाणे कठीण होत गेल्यावर कुटुंबाने थांबण्याचाही निर्णय घेतला, हे तितकेच महत्त्वाचे.

जानेवारी २०१३ मध्ये त्यांनी आपले शेवटचे गीत ध्वनिमुद्रित केले. 'आय अ‍ॅम नॉट गॉना मिस यू' हे गीत त्यांनी ज्युलियन रेमंड यांच्यासमवेत लिहिले आणि त्याच्या साथीला 'रेकिंग क्रू'मधील जुने सहकारी बसले. तुझी उणीव मला भासणारच नाही, असे पत्नीला उद्देशून सांगणारे हे गीत वरवर निष्ठुर वाटते. प्रत्यक्षात त्यात आजाराचे नेमके वर्णन आहे : विसरणाऱ्याला विरह होत नाही, तो मागे राहणाऱ्यांच्या वाट्याला येतो. या गीताला ऑस्करचे नामांकन आणि २०१५ मध्ये सर्वोत्कृष्ट कंट्री गीताचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास, निरोपाच्या दौऱ्यानंतर ध्वनिमुद्रित केलेला 'आदियोस' हा संग्रह जून २०१७ मध्ये, निधनाच्या दोन महिने आधी प्रसिद्ध झाला. जुने सहवादक कार्ल जॅक्सन यांनी एकेक ओळ गाऊन घेत तो पूर्ण केला होता. आजार पुढे सरकला तसे बोलणे आणि वाजवणे दोन्ही थांबले. आर्कान्सातील आपल्या जन्मगावाजवळच्या कौटुंबिक दफनभूमीत ते विसावले आहेत.

अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने 'विचिटा लाइनमन' हे गीत २०२० मध्ये राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात समाविष्ट केल्याचे जाहीर केले. शासकीय पातळीवर एका गाण्याच्या जतनाची सोय त्यामुळे झाली. चाहत्यांकडून होणारे जतन त्याहून निराळे असते. कोणी वडिलांसोबत पाहिलेला दूरचित्रवाणीचा कार्यक्रम आठवतो, कोणी 'विचिटा लाइनमन'मधील तो खर्जातला तुकडा स्वतःच्या गिटारवर बसवतो, तर कोणी घरातील विसराळू झालेल्या वृद्धासाठी त्यांची ध्वनिमुद्रिका लावतो. अपुरे राहिलेले गीत कॅम्पबेल यांनी एकदा आपल्या गिटारने पूर्ण केले होते. अखेरच्या दौऱ्यात त्यांच्या अडलेल्या ओळी श्रोत्यांनी पूर्ण केल्या, आणि ते काम चाहते अजूनही करत आहेत.