दम लागतो, तो कशामुळे? हृदयविकार आणि गर्भारपण

आज दुधनीत भगिनी मोठ्या संख्येने आल्यात, याचा आनंद आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आमच्या नावाआधी 'डॉक्टर' लागतं, पण ते तत्त्वज्ञानाचं. औषध देणं आमचं काम नाही, प्रश्न विचारणं आहे. आणि आजचा विषय असा की, वेळेवर प्रश्न न विचारल्यामुळेच तो जिवावर बेततो.

मघाशी एक चिठ्ठी आली, बिननावाची. 'लहानपणी सांधे सुजून ताप यायचा. हृदयाची झडप खराब आहे म्हणाले होते. आता लग्न ठरतंय. सासरी सांगायचं का? मूल होऊ द्यायचं का?' आजचं व्याख्यान म्हणजे या चिठ्ठीचं उत्तर समजा.

आधी आजार समजून घेऊ. लहान वयात, साधारण ५ ते १५ वर्षांत, घशाला एका जंतूचा संसर्ग होतो. काही मुलांना त्यानंतर ऱ्हुमॅटिक ताप येतो. सांधे सुजतात आणि बरेही होतात, पण हृदयाच्या झडपेवर व्रण राहू शकतो. पुढे मायट्रल नावाची झडप अरुंद होत जाते. मुलगी शेतात जाते, पाणी भरते, कुणाला काही कळत नाही.

मग दिवस राहतात. गर्भारपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, नाडी मिनिटाला १० ते २० ठोक्यांनी वाढते. निरोगी हृदय हे पेलतं. पण तुरीच्या हंगामात बाजार समितीचं फाटक अर्धंच उघडलं, तर गाड्या कुठे तुंबतील? फाटकाच्या मागे. तसंच अरुंद झडपेमागे रक्त तुंबतं आणि फुप्फुसात पाणी साठतं.

इथेच खरी अडचण आहे. दम लागणं, पाय सुजणं, थकवा ही साध्या गर्भारपणाचीही लक्षणं. घरातल्या बायका म्हणतात, 'दिवस गेले की दम लागतोच गं.' खोटं नाही ते. पण एकाच लक्षणाला दोन कारणं असू शकतात, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्यात आम्ही शिकवत आलो. मग ओळखायचं कसं? सपाट झोपता येत नाही, उशा वाढवाव्या लागतात. रात्री गुदमरून जाग येते. खोकल्यातून गुलाबी फेस पडतो. छातीत दुखतं, चक्कर येऊन शुद्ध हरपते. यातलं एक जरी दिसलं, तरी त्याच दिवशी दवाखाना. हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, पोटातल्या बाळाला अपाय करत नाही.

धोक्याचे काळ तीन. पहिला, साधारण २८ ते ३२ आठवडे, तेव्हा हृदयावरचा भार शिखराला पोचतो. दुसरा, प्रत्यक्ष कळांचा. तिसरा लोक विसरतात: बाळंत झाल्यावरचे पहिले दोन-तीन दिवस. आकसणाऱ्या गर्भाशयातलं रक्त एकदम हृदयाकडे परततं. 'सुटली बाई' म्हणून सगळे निर्धास्त होतात, नेमकं तेव्हाच लक्ष ठेवायचं असतं.

म्हणून बाळंतपण कुठे करायचं हे आधी ठरवा. दुधनीहून रेल्वेने एकीकडे सोलापूर, दुसरीकडे कलबुर्गी. स्त्रीरोग, हृदयरोग आणि भूल देणारे, तिन्ही तज्ज्ञ एका छताखाली असतील तिथे. प्रत्येकीचं सिझेरियनच करावं लागतं, असं नाही. अनेकींसाठी, वेदना कमी करून आणि शेवटी चिमट्याची मदत घेऊन, नैसर्गिक प्रसूतीच बरी ठरते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. २०१६पासून ती चालू आहे. तिथे जुना आजार स्वतःहून सांगा.

धातूची झडप बसवलेल्यांनी तर दिवस राहण्याआधीच सल्ला घ्यावा. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन पहिल्या तिमाहीत गर्भाला अपाय करू शकतं, आणि मनाने बंद केलं तर झडपेवर गुठळी होऊन आईचा जीव जाऊ शकतो. गोळी बदलायची की नाही, हे तज्ज्ञच ठरवतील.

आता चिठ्ठीतला दुसरा प्रश्न. मूल होऊ द्यायचं का? पुष्कळजणींना काळजी घेऊन होतं. अरुंद झडप फुग्याने रुंद करता येते, आणि ते गर्भारपणाआधी केलेलं उत्तम. पण फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब फार वाढलेला असेल, किंवा हृदयाची ताकद फारच घटली असेल, तर डॉक्टर गर्भधारणा टाळायलाच सांगतात. तेव्हा 'वंशाला दिवा' कुणाच्या जिवावर, हे विचारायला हवं. पतीची नसबंदी छोटी, सोपी आहे, हेही लक्षात असू द्या. आणि १९७१च्या गर्भपात कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही.

राहिला पहिला प्रश्न. सासरी सांगायचं का? सांगायचं, बाळ. स्थळ मोडेल? मोडू शकतं, हे आम्ही नाकारत नाही. पण लपवलेला आजार मध्यरात्री कळा सुरू झाल्यावर बाहेर येतो, तेव्हा सांगायला वेळही नसतो आणि श्वासही. त्याआधी इको करून घे, कागद हातात ठेव. 'झडप खराब आहे' एवढ्या एका वाक्यावर कुणी तुझं आयुष्य ठरवू नये. किती खराब, काय करता येतं, हे आधी तुला कळू दे.

आणि सासू-सासऱ्यांनो, तिने सांगितलं तर तो खोट नव्हे, विश्वास समजा. पुढच्या तपासणीला तिच्यासोबत तुम्हीही जा.