जीटीआय विकताय? मग ही वॅगन बघा

घरात पाळणा हलला म्हणून मजेची गाडी सोडायची गरज नाही. युरोपात सेकंडहँड शोधत असाल, तर २०१३ ला आलेली तिसऱ्या पिढीची स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस कॉम्बी जरूर चालवून बघा. गोल्फ जीटीआय मार्क ७ चंच दोन लिटर टर्बो पेट्रोल इंजिन, तेच २२० पीएस, तोच ३५० न्यूटन-मीटर टॉर्क. दोघींचा एमक्यूबी प्लॅटफॉर्मही एकच. फरक कळतो तो डिकी उघडल्यावर: जीटीआयची ३८० लिटर, हिची तब्बल ६१०! बाबागाडी ठेवूनही बॅगांना जागा उरते. एसयूव्हीपेक्षा मला वॅगन कधीही प्रिय, कारण वजन जमिनीलगत राहतं आणि वळणावर गाडी कमी झुकते. १८४ पीएसचं डिझेलही मिळतं, लांबच्या प्रवासाला उत्तम. पण जीटीआयची सवय असेल तर पेट्रोलच घ्या.