मंडळीची शिस्त (ख्रिस्ती धर्म)

मंडळीची शिस्त म्हणजे ख्रिस्ती मंडळीने आपल्या सभासदाच्या आचरणाची दखल घेऊन त्याला समज देणे, प्रभुभोजनापासून काही काळ दूर ठेवणे किंवा अखेरचा उपाय म्हणून मंडळीबाहेर काढणे. एका श्रद्धावंताने दुसऱ्याच्या वर्तनाचा न्याय करावा काय, हा या प्रथेमागील मूळ प्रश्न होय.

शास्त्राधार

नव्या करारात या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना आधार सापडतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातील ७ व्या अध्यायात येशू दोष काढण्यास मनाई करतो. कुसळ आणि मुसळ यांचा प्रसिद्ध दृष्टान्त याच ठिकाणी येतो. त्याच शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात मात्र अपराधी बंधूशी वागण्याचा क्रम सांगितला आहे. प्रथम त्याला एकांतात बोलावे, न ऐकल्यास एक-दोन साक्षीदार सोबत न्यावेत आणि त्यानंतरच प्रकरण मंडळीपुढे मांडावे. करिंथ येथील मंडळीत घडलेल्या अनैतिक संबंधाच्या प्रकरणी पौलाने दोषी व्यक्तीला दूर करण्यास सांगितले. मंडळीबाहेरच्यांचा न्याय देवाकडे, आतील लोकांचा मंडळीकडे, असा भेदही त्याने केला. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो चुकलेल्यास सौम्यतेने सावरण्यास सांगतो, तर रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १४ व्या अध्यायात खाण्यापिण्यावरून वा विशिष्ट दिवस पाळण्यावरून एकमेकांना दोष देऊ नये असे बजावतो.

या उताऱ्यांची सांगड घालताना अनेक भाष्यकार दोन गोष्टी वेगळ्या करतात. माणसाच्या अंतःकरणाचा व अंतिम गतीचा निवाडा देवाचा. उघड आचरणाविषयी समज देणे हे मंडळीचे काम. प्रत्यक्षात मात्र कोणते आचरण पाप आणि कोणता केवळ चालीरीतीचा भेद, यावरच वाद होतात.

विविध पंथांतील स्वरूप

रोमन कॅथोलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार बंधुभावाची कानउघाडणी, ताकीद आणि इतर उपाय निष्फळ ठरल्यावरच शिक्षेचा विचार करावयाचा असतो. बहिष्कार ही सुधारणेसाठीची शिक्षा मानली जाते. १५६१ च्या बेल्जिक श्रद्धापत्रकात शिस्त हे खऱ्या मंडळीच्या तीन लक्षणांपैकी एक मानले आहे. जॉन कॅल्व्हिनच्या पुढाकाराने जिनिव्हा शहरात १५४१ च्या नियमावलीनुसार पाळक व वडील यांची सभा स्थापन झाली आणि ती नागरिकांच्या आचरणाची चौकशी करू लागली.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण

मराठी ख्रिस्ती इतिहासात या प्रश्नाचे ठळक उदाहरण पंडिता रमाबाई यांच्या पत्रव्यवहारात आढळते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे कन्या मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथील सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या मार्गदर्शक होत्या. रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. पुढे दोघींत मतभेद वाढले. रमाबाई शाकाहारी राहिल्या आणि अंडे घातलेले पदार्थही त्यांनी वर्ज्य केले. क्रूसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे असावीत, असा त्यांचा आग्रह होता. त्रैक्यासारख्या सिद्धान्तांवर त्या प्रश्न विचारीत. सिस्टर जेराल्डीन यांना यात अहंकार व आज्ञाभंग दिसला. चेल्टनहॅम येथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याच्या प्रस्तावास भारतातील बिशपांनीही विरोध केला.

एका पुरोहितवर्गाचे जोखड टाकल्यावर दुसरे मानेवर घेणार नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. सल्ला ऐकण्यास त्यांची ना नव्हती. विवेकबुद्धी दुसऱ्याच्या हाती सोपविणे त्यांना अमान्य होते. चेल्टनहॅम महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी त्यांच्या शंकांना संयमाने उत्तरे दिली. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. अन्नासारख्या बाबींतील सांस्कृतिक भेद आणि श्रद्धेतील दोष यांची गल्लत झाल्यास शिस्तीचे रूपांतर वर्चस्वात कसे होते, हे त्यातून दिसते.

कायदा

धार्मिक बहिष्कारास मनाई करणारा कायदा मुंबई प्रांतात १९४९ मध्ये झाला. बीड जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला. दाऊदी बोहरा धर्मप्रमुखांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये हा कायदा घटनाबाह्य ठरविला. धार्मिक कारणास्तव बहिष्कृत करणे हा धर्मव्यवस्थेचा भाग असल्याचे बहुमताने मानले गेले. २०२३ मध्ये हा प्रश्न अधिक मोठ्या घटनापीठाकडे सोपविण्यात आला.

महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ चा असून बीडसह संपूर्ण राज्याला लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. समाजाच्या व्याख्येत जन्माने वा धर्मांतराने एका धर्माचे झालेले लोकही येत असल्याने ख्रिस्ती समाज त्याच्या कक्षेबाहेर राहत नाही. समज देणे किंवा सल्ला देणे आणि एखाद्या कुटुंबाशी व्यवहार तोडण्यास इतरांना भाग पाडणे यांतील अंतर त्यामुळे केवळ धर्मशास्त्रीय राहिलेले नाही.