काचेच्या पेटीतला समुद्र

ओहोटीच्या वेळी पनवेलच्या खाडीकाठी उभे राहून पाहा. तिवरांची मुळे आणि चिखलात उड्या मारणारे निवटे तुम्हाला दिसतील. रंगीत प्रवाळ मात्र दिसणार नाही. असे का? पावसाळ्यात गाढी नदीचे गोडे, गढूळ पाणी खाडीत उतरते. पाण्याचा खारटपणा घटतो, तळाशी गाळ बसतो. प्रवाळाला हे दोन्ही सोसत नाही.

मग घरी काचेच्या पेटीत प्रवाळ वाढवता येईल काय? परदेशांत अनेक हौशी लोक तसे करतात. त्यांच्या आवडीचा एक गट म्हणजे ‘चॅलिस’, अर्थात चषक-प्रवाळ. एकायनोफायलिया, ऑक्सिपोरा, मायसेडियम या त्यातील काही प्रजाती. पातळ ताटलीसारखा किंवा पसरट पेल्यासारखा त्यांचा आकार असतो. पृष्ठभागावर डोळ्यांसारखे रंगीत ठिपके दिसतात. ती वसाहतीतील असंख्य छोट्या जीवांची तोंडे होत. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि वनस्पतीही नव्हे. तो प्राणी आहे! त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवले राहतात आणि सूर्यप्रकाशात अन्न तयार करून त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. पाणी फार तापले की ही भागीदारी मोडते, शैवले निघून जातात आणि प्रवाळ पांढरा पडतो.

म्हणून चषक-प्रवाळाला बेताचा प्रकाश, २४ ते २६ अंश सेल्सियस तापमान आणि सतत खेळते पाणी लागते. पनवेलच्या मे महिन्यात पाणी थंड ठेवायला यंत्र हवे. वीज गेली तर तेही थांबणार आणि पंपही! सांगाडा बांधण्यासाठी प्रवाळ पाण्यातून कॅल्शियम घेतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात ते सुमारे ४२० मिलिग्रॅम असते; म्हणजे १०० लिटरच्या पेटीत सारे मिळून अवघे ४२ ग्रॅम. ते संपत जाते, म्हणून मोजून पुन्हा घालावे लागते. शिवाय शेजारी जपून निवडावा लागतो. रात्री चषक-प्रवाळ लांब, दंश करणारे स्पर्शक बाहेर काढतो आणि जवळच्या प्रवाळाला इजा करतो.

आता एक हिशेब करू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात; १०० लिटरमध्ये ३,५०० ग्रॅम. समजा, पेटीतून रोज ४ लिटर पाण्याची वाफ होते. आठवडाभर दुर्लक्ष केले तर ७२ लिटर पाणी उरेल, पण क्षार तेवढेच! म्हणजे लिटरमागे सुमारे ४९ ग्रॅम. प्रवाळ मरायला एवढे पुरे. मग ही घट गोड्या पाण्याने भरावी की खाऱ्या?

उत्तर प्रयोगाने शोधा. दोन बरण्यांत एकेक लिटर पाणी घेऊन प्रत्येकीत ३५ ग्रॅम मीठ विरघळवा आणि पातळीची खूण करा. दोन्ही उन्हात ठेवा. रोजची घट एकीत साध्या पाण्याने, दुसरीत तशाच खाऱ्या पाण्याने भरा. तीन आठवड्यांनी प्रत्येकीतले १०० मिलिलिटर पाणी आटवून उरलेले मीठ शाळेच्या तराजूवर तोला.

प्रयोग मिठावरच करा, प्रवाळावर नको. प्रवाळखडक बांधणाऱ्या साऱ्या प्रवाळांना २००१ पासून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. वाघही त्याच अनुसूचीत आहे. आपल्या समुद्रातून प्रवाळ तोडणे, बाळगणे वा विकणे हा गुन्हा आहे. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या वाटेत वरळी आणि हाजीअली येथे प्रवाळांच्या वसाहती आढळल्या, तेव्हा त्या नष्ट न करता २०२० साली १८ वसाहती परवानगीने दुसरीकडे हलवण्यात आल्या. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हे काम केले.

आपल्या राज्यातले प्रवाळ पाहायचे असतील तर मालवणला जा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या समुद्रात ते आहेत आणि १९८७ पासून तेथे सागरी अभयारण्य आहे. पाहा, पण हात लावू नका, आणि त्यांच्यावर पाय देऊन उभे राहू नका. काचेच्या पेटीत जे सांभाळताना माणसाची दमछाक होते, ते समुद्र तेथे दिवसरात्र सांभाळत असतो. गाळ, सांडपाणी आणि वाढती उष्णता यांची भर घालून आपण त्याचे काम अवघड करायचे काय, हा प्रश्न मात्र आपल्यासाठी आहे.